मानपत्र ते मानांकन : गोंदिया परिसरातील नेत्रसेवा आणि तिच्या गौरवाची वाटचाल

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात साथी, औषधे आणि रुग्णालये यांची नोंद तपशिलाने घेतली जाते. समाजाने किंवा शासनाने आरोग्यकार्याबद्दल कोणाला मान दिला आणि कशासाठी दिला, याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वास्तविक पुरस्कार हा त्या त्या काळाच्या आरोग्यविषयक समजुतीचा दस्तऐवज असतो, कारण ज्या कामाला मान मिळतो ते काम त्या काळाला मोजता येत असते आणि मोजावेसेही वाटत असते. पूर्व विदर्भातील गोंदिया परिसर आणि नेत्रसेवा ही दोन टोके धरून हा इतिहास पाहिला, तर गौरवाचा मानकरी तीन वेळा बदललेला दिसतो. प्रथम दाता मानकरी होता, मग शल्यचिकित्सक झाला, त्यानंतर संस्था आणि अलीकडे गाव किंवा संपूर्ण लोकसमूह. या प्रत्येक बदलाबरोबर रुग्णसेवेत काय मोजायचे, याचाही निकष बदलत गेला आहे.

मुलूख आणि त्याचे नेत्रविकार

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांचा हा प्रदेश ब्रिटिश काळात मध्य प्रांतात, स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. त्यामुळे येथील आरोग्यसेवेचे दप्तर जसे नागपूरहून मुंबईकडे गेले, तशी गौरवाची चौकटही राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर असलेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर व चांदा या दोन्ही दिशांना छोट्या मापाचे फाटे फुटलेल्या गोंदिया स्थानकामुळे हे गाव व्यापारी पेठ बनले, तसेच बालाघाट आणि छत्तीसगडच्या सीमाभागातील रुग्णांनाही जवळचे झाले.

या मुलखाचे अर्थकारण धानावर उभे आहे, आणि येथील नेत्रविकारांचा एक भागही धानाशीच जोडलेला आहे. रोवणीच्या वेळी वाकून काम करताना पात्याचे टोक डोळ्यात जाते, चुरणीच्या वेळी लोंबीचे कुसळ किंवा भुशाचा कण उडून बुबुळाला ओरखडा पडतो, आणि वनस्पतिजन्य पदार्थाने झालेल्या अशा जखमेत बुरशीचा शिरकाव झाला, तर बुबुळाच्या पारदर्शक पटलावर, म्हणजे कॉर्नियावर, व्रण होऊन तेथे कायमचा पांढरा डाग राहतो. भारतासारख्या उष्ण कटिबंधातील शेतीप्रधान प्रदेशांत कॉर्नियाच्या अंधत्वाचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. त्याच्या जोडीला वयोमानाने येणारा मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे, हा सर्वत्र आढळणारा विकार येथेही आहेच. कुष्ठरोगाचा भार दीर्घकाळ वाहिलेल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात पापणी मिटवणारे स्नायू लुळे पडून डोळा पूर्ण न मिटण्याची आणि उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून निकामी होण्याची व्याधीही आढळत आली. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार, ज्याची मध्य भारतातील नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या वैद्यकांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली, तोही दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पाडून नजरेला अपाय करू शकतो.

राज्यसंस्थेने अंधांची गणना प्रथम केली ती जनगणनेत. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत मनोरुग्ण, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी स्वतंत्र रकाने होते, आणि त्यामुळे तहसीलनिहाय आकडे सरकारी अहवालांत येऊ लागले. परंतु हे रकाने अंधत्व हे एक व्यंग म्हणून नोंदवत. ते बरे होण्याजोगे आहे की नाही, याचा विचार त्यांत नव्हता. गावोगाव फिरणारे आणि सुईने मोतीबिंदू बाहुलीच्या मागे ढकलून देणारे शल्यकर्मी त्या काळी देशभर होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या या क्रियेने काही काळ उजेड दिसे, पण पुष्कळदा डोळा सुजून कायमचा जाई. अशा पार्श्वभूमीवर रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा लाभ मोजक्यांनाच मिळत असल्याने प्रारंभीच्या काळात गौरव झाला तो शस्त्रक्रियेचा नव्हे, रुग्णालय बांधून देणाऱ्याचा.

पदव्यांचा काळ

मध्य प्रांतात जमीनमहसुलाची पद्धत मालगुजारीची होती. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला आणि त्याबदल्यात गावावर मालकी हक्क मिळालेला जमीनदार. भंडारा-गोंदियातील शेकडो तलाव आज माजी मालगुजारी तलाव, संक्षेपाने मामा तलाव, म्हणून ओळखले जातात, ते या व्यवस्थेचे स्मारक होय. मालगुजार, कामठी-नागपूरचे सराफ-सावकार आणि पुढे भातगिरण्या व विडी-तेंदूपानाच्या धंद्यातून पुढे आलेले व्यापारी, हा या भागातील दानशूर वर्ग होता. तलाव, धर्मशाळा आणि घाट बांधण्याच्या जुन्या पुण्यकर्मात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दवाखान्याची भर पडली, आणि त्या दानाची दखल घेण्यासाठी सरकारजवळ राय साहेब, राय बहादूर, राव बहादूर, खान बहादूर अशा पदव्यांची उतरंड तयार होती.

स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडामुळे दान आणि पदवी यांचे नाते अधिक घट्ट झाले, कारण या निधीला देणगी देणे ही राजनिष्ठेची खूण मानली जाई. नागपूरच्या स्त्री रुग्णालयावर डागा घराण्याचे नाव राहिले, आणि गोंदियातील कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय या दोन संस्थांच्या नावांतही व्यक्तीच्या नावाने सार्वजनिक रुग्णालय ओळखण्याची तीच रीत टिकून आहे. पदवी तिच्या धन्याबरोबर संपते, नाव मात्र केसपेपरावर, रुग्णवाहिकेवर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी पिढ्यान्पिढ्या राहते. त्या अर्थाने रुग्णालयाला दिलेले नाव हा या परिसरातील सर्वांत दीर्घायुषी गौरव ठरला. २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ही दोन्ही रुग्णालये त्याला जोडली गेली आणि जुनी नावे नव्या शिक्षणसंस्थेच्या व्यवहारातही रूढ राहिली.

दात्याबरोबरच प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यालाही मान देण्याची सोय ब्रिटिश सरकारने १९०० मध्ये कैसर-इ-हिंद पदक सुरू करून केली. सुवर्ण, रौप्य आणि पुढे कांस्य अशा श्रेणींचे हे पदक भारतातील सार्वजनिक सेवेसाठी असून त्याला वंश, पद किंवा लिंग यांची अट नव्हती. साहजिकच दुष्काळ व प्लेगच्या कामातील अधिकारी, मिशनरी डॉक्टर आणि समाजसेविका यांना ते मोठ्या प्रमाणावर मिळाले. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये आणि वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर यांना १९२० मध्ये ते मिळाले. या पदकाने सेवा हा गौरवाचा स्वतंत्र निकष म्हणून मान्य केला, हे त्याचे महत्त्व. परंतु शिफारस जिल्हाधिकाऱ्यापासून व्हाइसरॉयपर्यंत सरकारी साखळीतूनच जात असल्याने सेवेला राजनिष्ठेची जोड असणे अपेक्षित राहिले.

ही चौकट मोडली ती गोंदियापासून फारशी दूर नसलेल्या नागपुरात. दक्षिण आफ्रिकेतील मानवतावादी कार्यासाठी मिळालेले कैसर-इ-हिंद सुवर्णपदक गांधींनी ऑगस्ट १९२० मध्ये व्हाइसरॉयला परत केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात असहकाराचा जो कार्यक्रम संमत झाला, त्यात सरकारी पदव्यांचा त्याग हे एक कलम होते. अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज होते आणि त्यांनी आपली राय बहादूर ही पदवी सोडून दिली. मध्य प्रांतातील दानशूर वर्गापुढे यामुळे एक नवा पेच उभा राहिला, तो असा की, रुग्णालयाला देणगी देणे तर चांगलेच, पण तिच्या बदल्यात सरकारचा मान स्वीकारणे हे आता सार्वजनिक जीवनात भूषण राहिले नव्हते. पुढे १९७८ पासून बजाज यांच्याच नावाने विधायक कार्यासाठी पुरस्कार दिले जाऊ लागले आणि १९७९ मध्ये आनंदवनाच्या बाबा आमटे यांना त्यांपैकी एक मिळाला, ही घटना पदवी परत करणाऱ्याच्या परंपरेतून नव्या प्रकारचा गौरव कसा उगवला, याचे उदाहरण होय.

शिबिरे आणि पद्म सन्मान

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने पदव्या रद्द केल्या. तथापि कार्याचा सन्मान करण्याची गरज राहिलीच आणि १९५४ मध्ये भारतरत्न व पद्म सन्मान सुरू झाले. हे सन्मान म्हणजे मागील दाराने आलेल्या पदव्याच होत, असा आक्षेप घेऊन १९७७ मध्ये जनता सरकारने ते थांबवले, १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन प्रकरणात डिसेंबर १९९५ मध्ये असा निर्वाळा दिला की, हे सन्मान पदव्या नाहीत, मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावता येणार नाहीत. विदर्भातील आरोग्यसेवेला हा नवा मान लवकर मिळाला. अमरावतीला तपोवन ही कुष्ठरुग्णांची वसाहत उभारणाऱ्या डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांना १९५९ मध्ये आणि बाबा आमटे यांना १९७१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. वर्ध्यात १९५१ पासून काम करणाऱ्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानानेही कुष्ठकार्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवरचा गांधी पुरस्कार सुरू करून विदर्भाला केवळ मान घेणारा नव्हे, तर देणारा प्रदेश बनवले.

नेत्रसेवेत मात्र गौरवाचा मानकरी या काळात शिबिरात शस्त्रक्रिया करणारा सर्जन झाला, आणि त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या तंत्रातच होते. त्या काळी मोतीबिंदूचे संपूर्ण भिंग आवरणासह काढून टाकत, त्याजागी दुसरे काही बसवत नसत. पुढे रुग्णाला सुमारे दहा डायॉप्टर क्रमांकाचा जाड भिंगांचा चष्मा देत, आणि तो हरवला किंवा फुटला की माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच होई. उपकरणे थोडी लागत, सर्जनचा हात चलाख असला की एका डोळ्याला काही मिनिटे पुरत, आणि त्यामुळे शाळा, धर्मशाळा किंवा मंगल कार्यालय हेच तात्पुरते रुग्णालय होऊ शकत असे. शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरत. धानाच्या मुलखात तोपर्यंत कापणी आणि चुरणी उरकलेली असे, घरात चार पैसे आलेले असत, म्हाताऱ्या माणसाबरोबर राहायला घरातले कोणीतरी मोकळे असे, आणि उन्हाळ्यात जखम चिघळते हा लोकांचा पक्का समजही त्याला जुळत असे. डोळ्यांवर पट्टी बांधून ओळीने निजलेले रुग्ण, त्यांच्या उशाशी गाठोडे घेऊन बसलेले नातलग, गावातील तरुणांनी चालवलेला भातवरणाचा भटारखाना आणि शेवटच्या दिवशी पट्टी सोडल्यावर होणारा समारंभ, हा या शिबिरांचा साधारण क्रम असे.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी म्हणजे तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील बिळगीत जन्मलेले डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी होत. गावोगावच्या शिबिरांतून त्यांनी सामूहिक शस्त्रक्रियांची पद्धत रूढ केली, एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याचा विक्रम त्यांच्या नावावर सांगितला जातो, आणि १९५६ मध्ये पद्मश्री व १९६८ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव झाला. महाराष्ट्रात शासकीय सेवेत राहून ग्रामीण भागात नेत्रशस्त्रक्रिया करणारे डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ १० जून हा दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो, आणि जिल्हा रुग्णालयांत त्या दिवशी होणारे सत्कार, शिबिरे व नेत्रदानाच्या प्रतिज्ञा हा आता शासकीय दिनक्रमाचा भाग झाला आहे. लायन्स क्लबसारख्या सेवासंस्थाही या चळवळीत उतरल्या. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील अधिवेशनात लायन्स सदस्यांना अंधांच्या सेवेचे आवाहन केले होते आणि १९५६ मध्ये भारतात आलेल्या या संघटनेने नेत्रशिबिर हे आपल्या शाखांचे ठरलेले कार्य बनवले. तालुक्याच्या गावातील व्यापारी, वकील आणि डॉक्टर यांना त्यातून समाजकार्याचे आणि सन्मानाचे व्यासपीठ मिळाले.

पद्म सन्मानांची ही परंपरा मराठी नेत्रवैद्यकांपर्यंत पुढेही चालू राहिली. लातूर जिल्ह्यातील माकेगावात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करताना आनंदवनापर्यंत शिबिरे नेणारे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ मध्ये, नागपूरचे डॉ. विकास महात्मे यांना २०१० मध्ये आणि नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभारणारे डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. या तिन्ही सन्मानांत शस्त्रक्रियेच्या संख्येइतकेच महत्त्व ज्यांना शहरातील रुग्णालय परवडत नाही अशा लोकांपर्यंत पोहोचण्याला होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खुर्जानंतर

शिबिराचा आणि पर्यायाने शिबिरावर आधारलेल्या गौरवाचा पाया १९८६ मध्ये हादरला. त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरात मोतीबिंदूच्या ८८ शस्त्रक्रिया झाल्या आणि जंतुसंसर्गामुळे त्यांपैकी ८४ रुग्णांच्या शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्यांची दृष्टी गेली. या प्रकरणात ए. एस. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांसाठी सरकारने घालून दिलेल्या निकषांचा ऊहापोह केला आणि पीडितांना मदत देण्याचा आदेश दिला. दानशूर आणि कुशल असणे पुरेसे नाही, निर्जंतुकीकरणाची शिस्त, जबाबदार व्यक्ती आणि शस्त्रक्रियेनंतरची तपासणी हेही सेवेचेच भाग आहेत, हे यातून सर्वांच्या ध्यानी आले.

त्याच सुमारास तंत्रही पालटत होते. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची जी कल्पना अमलात आणली होती, ती भारतात सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली १९९२ नंतर, जेव्हा मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेच्या ऑरोलॅबने ही भिंगे स्वस्तात बनवायला घेतली. भिंग बसवायचे तर सूक्ष्मदर्शक, मोजमापाची यंत्रे आणि कायमचे शस्त्रक्रियागृह हवे. त्यामुळे तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, अशी नवी विभागणी रूढ झाली. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाला जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात जो मोतीबिंदू प्रकल्प जोडला गेला, त्यातील सात राज्यांत महाराष्ट्र होता, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा अंधत्व नियंत्रण संस्था याच काळात उभ्या राहिल्या. गोंदिया जिल्हा निर्माण झाला तो या बदलाच्या ऐन मध्यावर, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ‘व्हिजन २०२०’ ही टाळता येण्याजोग्या अंधत्वाविरुद्धची मोहीम जाहीर केली तेही १९९९ हेच वर्ष. नव्या जिल्ह्याच्या नेत्रसेवेला त्यामुळे शिबिरांचा वारसा मिळाला, तरी तिची प्रशासकीय घडण रुग्णालयकेंद्री झाली.

मोजमापाचे निकषही कडक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये असे सुचवले की, उपलब्ध चष्म्यासह किमान ८० टक्के शस्त्रक्रियांनंतर नजर ६/१८ किंवा त्याहून चांगली असावी. येथे वरचा आकडा रुग्ण किती मीटर अंतरावरून तक्ता वाचतो हे सांगतो आणि खालचा आकडा तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते ते. आता ‘किती डोळे केले’ या प्रश्नाबरोबर ‘त्यांतील किती डोळ्यांना दिसले’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. परंतु सत्काराच्या भाषणांत आणि जाहिरातींत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर अधिक काळ ऐकू येत राहिले.

संस्थेचा गौरव

एकविसाव्या शतकात गौरवाचा मानकरी व्यक्तीऐवजी संस्था होऊ लागली. लिस्बनच्या शांपालिमो प्रतिष्ठानाचा दृष्टिविषयक पुरस्कार २००७ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो अरविंद नेत्रसंस्थेला, आणि त्याच संस्थेला २००८ मध्ये गेट्स व २०१० मध्ये हिल्टन पुरस्कार मिळाला. संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना १९७३ मध्येच पद्मश्री मिळाली होती. पण सुमारे ३५ वर्षांनंतरचे हे पुरस्कार एका सर्जनच्या कौशल्यासाठी नसून, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून विनामूल्य शस्त्रक्रियांचा खर्च भागवणाऱ्या व्यवस्थेसाठी होते.

सरकारी रुग्णालयांच्या वाट्याला असा मान सहसा येत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाने उत्कृष्ट आरोग्य संस्थांसाठी पुरस्कार ठेवला, आणि केंद्र सरकारने १५ मे २०१५ रोजी ‘कायाकल्प’ ही योजना सुरू केली. कायाकल्पमध्ये इमारतीची निगा, स्वच्छता, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, संसर्ग नियंत्रण, धुलाई-स्वयंपाकासारख्या साहाय्यक सेवा आणि स्वच्छतेचा प्रसार अशा शीर्षकांखाली गुण दिले जातात. रुग्णालय आधी स्वतःचे मूल्यमापन करते, मग दुसऱ्या रुग्णालयाचे पथक येऊन तपासते आणि अखेर बाहेरील परीक्षक येतात. किमान ७० टक्के गुण मिळाल्याशिवाय पुरस्काराचा विचार होत नाही. मोठ्या राज्यात पहिल्या आलेल्या जिल्हा रुग्णालयाला ५० लाख रुपये, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला २ लाख रुपये अशी रक्कम ठरवताना तिचा ७५ टक्के भाग रुग्णालयाच्या सुधारणेवर आणि २५ टक्के भाग कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून खर्च करावा, अशी अट घालण्यात आली. या अटीमुळे, शल्यचिकित्सकाच्या गळ्यातील हारापर्यंत सीमित असलेला मान प्रथमच परिचारिका, शस्त्रक्रियागृहातील मदतनीस आणि सफाई कामगार यांच्यापर्यंत रोख स्वरूपात पोहोचण्याची सोय झाली. खुर्जाच्या घटनेचा धडा लक्षात घेतला तर संसर्ग नियंत्रणाला दिलेले गुण हे नेत्रशस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेलाच दिलेले गुण ठरतात.

गावपातळीवर हीच दिशा थोडी आधी दिसली होती. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्रात गावांमध्ये स्पर्धा लावली आणि विजयी गावाचा गौरव केला; केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार २००३ मध्ये आला; आणि अलीकडे क्षयरोगमुक्त ग्रामपंचायतींना महात्मा गांधींच्या कांस्य, रौप्य व सुवर्णरंगी प्रतिमा देण्याची योजना आली आहे, ज्यात सलग वर्षे यश टिकवले तरच पुढची श्रेणी मिळते. स्वच्छता आणि दृष्टी यांचा संबंध दूरचा नाही. अस्वच्छता, माश्या आणि पाण्याची टंचाई यांमुळे पसरणाऱ्या खुपरी या संसर्गाने, म्हणजे ट्रॅकोमाने, एके काळी देशातील असंख्य लोकांची दृष्टी घेतली होती. त्याविरुद्ध १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे प्रमाणित केले. नेपाळ आणि म्यानमारनंतर असे प्रमाणपत्र मिळवणारा भारत हा आग्नेय आशिया विभागातील तिसरा देश ठरला. हा सन्मान कोणत्याही एका डॉक्टरच्या नावावर जमा होत नाही, कारण तो न झालेल्या अंधत्वाबद्दल आहे.

मानापासून दूर राहिलेले काम

या वाटचालीतून कोण वगळले गेले, हेही पाहिले पाहिजे. गोंदियात शिक्षणक्षेत्रातील गुणवत्तेचा गौरव करण्याची एक सुस्थिर परंपरा आहे. या भागात शिक्षणसंस्था उभारणाऱ्या मनोहरभाई पटेल यांच्या जयंतीला, ९ फेब्रुवारीला, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात आणि त्या समारंभाला जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान आहे. आरोग्यसेवेला अशी स्थानिक परंपरा घडवणे अवघड जाते, कारण परीक्षेचा निकाल जसा एका नावावर लागतो, तसा दृष्टी परत येण्याचा निकाल लागत नाही. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलालगतच्या पाड्यावरील वृद्धेला शस्त्रक्रियेपर्यंत आणण्यासाठी आधी आशा कार्यकर्तीने तिला दिसत नाही हे हेरावे लागते. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने, म्हणजे डोळे तपासण्याचे, चष्म्याचा क्रमांक काढण्याचे आणि रुग्ण निवडण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याने, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांतील फरक ओळखावा लागतो. रक्तदाब व साखर तपासावी लागते. वाहनाची सोय करावी लागते. घरच्यांचे मन वळवावे लागते. आणि शस्त्रक्रियेनंतर थेंब नीट घातले जातात की नाही, हे पाहण्यासाठी कोणाला तरी पुन्हा त्या घरी जावे लागते. सर्जनची काही मिनिटे या साखळीच्या मध्यावर येतात. आशा कार्यकर्त्यांना २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला, तेव्हा दहा लाखांहून अधिक स्त्रियांचा एकत्रित गौरव झाला. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांच्या वाट्याला मात्र बहुधा १० जूनचे शाल-श्रीफळ किंवा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यातील प्रशस्तिपत्र एवढेच येते.

प्रतिबंधाच्या कामाची उपेक्षा याहून मोठी आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले की, शेतात काम करताना बुबुळाला ओरखडा पडलेल्या माणसाला गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्याने वेळेत प्रतिजैविक मलम घातले, तर व्रण होणे बहुतांशी टळते. धानाच्या मुलखाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडण्याजोगा आहे. परंतु कॉर्नियाचे प्रत्यारोपण करणाऱ्याचे छायाचित्र छापून येते, आणि चुरणीच्या हंगामात वेळेवर मलम घालून प्रत्यारोपणाची वेळच येऊ न देणाऱ्याचे काम कोणत्याही रकान्यात बसत नाही.

आकड्यांच्या अर्थाविषयीही हीच सावधगिरी लागते. देशातील अंधत्वाचे प्रमाण १९८६-८९ च्या पाहणीत १.४९ टक्के होते, २००६-०७ मध्ये ते १ टक्क्यावर आणि २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्क्यावर आले. ही घट कौतुकास्पद असली, तरी २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्या ६/६० वरून ३/६० अशी बदलली गेली, याचा तीत वाटा आहे, आणि पन्नाशीपुढील अंधांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या अंधत्वाचे कारण अजूनही मोतीबिंदूच आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मोतीबिंदूमुक्तीची मोहीम हाती घेतली तीही याच वास्तवाच्या जाणिवेने. जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये पुढचा टप्पा ठरवताना शस्त्रक्रियांची संख्या बाजूला ठेवून ‘परिणामकारक व्याप्ती’ हा निकष स्वीकारला, म्हणजे ज्यांना शस्त्रक्रियेची गरज होती त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत ती पोहोचली आणि त्यांतील किती जणांना चांगले दिसू लागले, हे एकत्र मोजायचे, आणि २०३० पर्यंत ही व्याप्ती ३० टक्के-अंकांनी वाढवायची.

दाता, शल्यचिकित्सक, संस्था आणि गाव अशा क्रमाने सरकत गेलेल्या गौरवाचा अर्थ या निकषाच्या प्रकाशात स्पष्ट होतो. प्रत्येक काळाने जे मोजले त्याला मान दिला, आणि ज्याला मान मिळाला ते काम वाढले. राय बहादुरीच्या काळात इमारती वाढल्या, शिबिरांच्या काळात शस्त्रक्रिया वाढल्या आणि कायाकल्पच्या काळात शस्त्रक्रियागृहांच्या स्वच्छतेकडे लक्ष गेले. परिणामकारक व्याप्ती हा निकष जिल्ह्याच्या दप्तरात खरोखर उतरवायचा असेल, तर शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाची नोंद आणि शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यातील नजरेची नोंद ठेवावी लागेल, आणि या दोन्ही नोंदी आशा कार्यकर्ती व नेत्रचिकित्सा अधिकारी यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ठेवता येणार नाहीत. गोंदियासारख्या जिल्ह्यात उद्याचा नेत्रसेवा पुरस्कार याच नोंदींवर दिला गेला, तर नेत्रसेवेच्या मानकऱ्यांच्या यादीबाहेर राहिलेल्या या कर्मचाऱ्यांना तो प्रथमच त्यांच्या स्वतःच्या नेत्रसेवेच्या कामासाठी मिळेल.